पाण्यात पाहणं

सर मला पाण्यात पाहत असत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की हिने एकतर्फी लिहिलं. एकतर्फीच लिहिणार आहे. पाच वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत काढल्यावर दुसरी बाजू शोधत बसायची माझी तयारी नाही. त्यांना त्यांची बाजू मांडायची असेल तर त्यांनी मांडावी. त्यांचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी विदर्भातल्या वणीकडची. आमच्याकडे कोळसा जमिनीतून निघतो, ट्रकमधून रस्त्यावर सांडतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. त्यामुळे पुण्यातल्या एका संस्थेत मला पीएचडीला जागा मिळाली आणि विषयही कोळशाचाच निघाला, तेव्हा घरी सगळे हसले. एवढ्या लांब जाऊन कोळसाच करायचा होता तर इथे काय वाईट होतं, असं वडील म्हणाले.

विषय तसा सांगायला सोपा आहे. काही कोळसा पुरता पिकलेला नसतो. ओलसर, भुसभुशीत, जाळला तर धूर फार आणि धग कमी. त्याला हलक्या प्रतीचा, इंग्रजीत लो रँक, कोळसा म्हणतात. तो जाळण्यापेक्षा एका नळीत खूप तापवून त्यावर वाफ सोडली तर त्याचा गॅस होतो आणि तो गॅस कामाला येतो. अडचण एवढीच की हे सगळं फार रेंगाळतं. ते लवकर उरकावं म्हणून कोळशात आधी एखादा क्षार मुरवतात. हा क्षार म्हणजे उत्प्रेरक. एकट्या पोटॅशने काम भागतं, पण कोळशातली माती पोटॅश गिळून टाकते आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा थंडावतं. म्हणून दोन क्षार मिसळायचे, पोटॅश आणि लोह, ही सरांची कल्पना होती. ते कित्येक वर्षं तिच्या मागे होते, आणि निवृत्तीच्या आत ती सिद्ध करून दाखवायची होती. ते काम माझ्या वाट्याला आलं.

पहिल्या भेटीत त्यांनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला.

"वणी," ते म्हणाले. "वा. म्हणजे कोळसा आपण घरूनच आणला असेल."

मी हसले. मला वाटलं, थट्टा आहे.

"आणि अहो बाई, हे 'माहीती' काय आहे? 'हि' ऱ्हस्व. माहिती." त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, अर्जावरच वेलांटी फिरवली आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. ती एक वेलांटी माझ्या हातून लहानपणापासून चुकत आली होती. तोंडाने जसं म्हणायची तसं लिहायची, आणि आमच्याकडे ती लांबवूनच म्हणतात.

ते लाल पेन ही सरांची खरी ओळख होती. रजेचे अर्ज, नोटीसबोर्डावरची सूचना, कँटीनच्या फळ्यावरची 'शाबुदाणा खिचडी', काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. आमच्या प्रयोगवह्या तर रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलावर जायच्या. आम्ही दिवसभर काय केलं ते इंग्रजीत लिहायचं, ते वाचायचे, सुधारायचे आणि पानाच्या तळाशी लाल सही करायचे. चुकीचं इंग्रजी त्यांना चुकीच्या प्रयोगापेक्षा जास्त झोंबायचं.

माझं बोलणं तर त्यांना सहनच होत नसे. एकदा 'धुते आहे' याला मी आमच्या बोलीत म्हणाले, "सर, सॅम्पल धुऊन राहिले." ते थांबले, चष्मा काढला. "राहा की. राहायला कुणाची ना नाही. पण धुवा." सगळी प्रयोगशाळा हसली. बाहेरचे पाहुणे आले की ते नळीकडे बोट दाखवून सांगायचे, "कोळसा लो रँक, आणि," मग माझ्याकडे वळून बघायचे आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. पाहुणे हसायचे. मीसुद्धा हसायची. त्या हसण्याचा मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग येतो.

आता धुण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. कोळसा दळून, चाळून घेतला की आधी तो धुवायचा. त्यावरची धूळ आणि मीठ निघून जावं आणि मगच क्षार मुरवावेत, म्हणजे जे काही होईल ते आमच्या मिश्रणाने झालं असं ठामपणे म्हणता येतं. सरांचा नियम होता, सात पाण्यांनी धुवायचं. एक पाणी ओतायचं, तासभर ढवळत ठेवायचं, निथळायचं, पुन्हा दुसरं. सकाळी लागलं की संध्याकाळपर्यंत सातवं पाणी व्हायचं. शास्त्राप्रमाणे हे पाणी डिस्टिल्ड हवं. पण डिस्टिल्ड पाणी बनवायच्या यंत्राची कॉइल मी यायच्या आधीच जळली होती, आणि सरांना ती दुरुस्त करायची गरज वाटली नव्हती.

"खडकवासल्याचं पाणी आहे हे," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नळ उघडून दाखवलं होतं. जणू धरण त्यांच्या आजोबांनी बांधलं होतं. "या पाण्यात काहीही नाही. तुमच्याकडच्यासारखं नाही हे. पुण्याचं पाणी जन्मतःच डिस्टिल्ड असतं."

मी त्या दिवशी प्रयोगवहीत लिहिलं, 'टॅप वॉटरने सात वेळा धुतलं.' संध्याकाळी वही परत आली तेव्हा 'टॅप' या शब्दावर लाल रेघ होती आणि वर 'डिस्टिल्ड' लिहिलेलं होतं. खाली सही. मी विचारायला गेले.

"सर, पण आपण नळाचं वापरलं."

"बाई, शास्त्रीय लेखनाची एक भाषा असते. जगात कुणी टॅप वॉटर लिहीत नाही. लोक हसतील."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'टॅप' लिहिलं. पुन्हा लाल रेघ. मी मुद्दामच लिहीत राहिले, हट्टाने. खोटं त्यांना लिहायचं असेल तर त्यांच्या शाईने लिहू दे, असं मनात यायचं. पुढे काही उपयोग होईल असं तेव्हा डोक्यातही नव्हतं. निव्वळ खुन्नस होती.

प्रयोग सुरू झाले आणि माझे हाल सुरू झाले. कारण निकाल एकसारखे येईनात. तोच कोळसा, तेच पोटॅश, तेच लोह, तीच नळी. कधी कोळसा असा भराभर संपायचा की मीटरच्या काट्याकडे बघत मी उभी राहायची. आणि पुढच्याच वेळी इतका रेंगाळायचा की मिश्रण घातलंय की विसरलं, अशी शंका यावी. जे निकाल चांगले ते सर उचलायचे आणि म्हणायचे, "हे मिश्रणाचं." जे वाईट ते माझ्यापुढे सरकवायचे. "हे तुमच्या हाताचं."

हात. दुसऱ्या वर्षानंतर माझं सगळं त्या एका शब्दाभोवती फिरायला लागलं. "हात शुद्ध नाही तुमचा," ते म्हणायचे. "स्वयंपाकातसुद्धा काही बायकांच्या हाताला चव नसते, तसं." मी वजन तीन तीनदा करायला लागले. भांडी दोनदा धुवायला लागले. बसमध्ये बसल्यावर स्वतःच्या तळव्यांकडे बघायची. चांगल्या निकालांवर सरांनी शोधनिबंध लिहून पाठवला, तो छापून आला, त्यात माझं नाव दुसरं होतं, आणि मला त्याचा आनंद वाटला नाही. छापलेलं सगळं त्यांच्या मिश्रणाचं होतं. न छापलेलं सगळं माझ्या हाताचं. चार वर्षं झाली तरी मला माझा स्वतःचा चांगला निकाल पुन्हा काढून दाखवता येत नव्हता, आणि तो येत नाही तोवर प्रबंध सादर करू देणार नाही, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पदवी नाही म्हणजे वणीला परत. तिथे सगळ्यांना सांगायचं की पाच वर्षं कोळसा धुतला.

एक गोष्ट मात्र सरांच्याही नजरेत आली होती. "गुरुवारी तुमचं बरं चालतं," एकदा वही तपासताना ते म्हणाले. "उपास धरता वाटतं? रोज धरत जा."

सगळे हसले. मी चिडून वही उचलली आणि जागेवर गेले. पण चिडून का होईना, मी पानं चाळली. खरंच होतं. चांगले निकाल ज्या कोळशाचे, तो बहुतेक वेळा गुरुवारी धुतलेला. उन्हाळ्यात इतर वारही होते, पण एरवी गुरुवारच. मी उपास करत नाही. गुरुवारी मी वेगळं काय करते, हे आठवण्यात आठ दिवस गेले आणि काहीही सापडलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी मनात म्हणाले. शब्दशः तेच चाललं होतं, पण ते डोक्यात शिरायला साबण लागला.

पुढच्या गुरुवारी दुपारी तिसरं पाणी निथळून मी बेसिनवर हात धुवायला गेले. कोळशाचा बारीक भुगा नखांत आणि हाताच्या रेघांत जाऊन बसतो, तो साबणाशिवाय निघत नाही. साबण चोळला तर फेसच येईना. साबण फाटला. हातावर पांढरट चोथा आला आणि काळं तसंच राहिलं. माझ्या जागी कुणी पुणेकर असता तर त्याने साबणाला नावं ठेवली असती, कंपनी बदलली असती. मी तिथेच उभी राहिले, कारण हा चोथा माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरच्या विहिरीवर साबण असाच फाटतो. आई रोज त्या पाण्याला शिव्या घालते. "जड पाणी हाय हे. यात ना साबण चालत, ना तूर शिजत." खडकवासल्याच्या पाण्यात तूर दोन शिट्ट्यांत शिजते. मग हे पाणी आलं कुठून?

आमच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं गाव शहरात येऊन वर्षं झाली होती, पण शेत आणि विहीर अजून त्यांच्याच घरात होती. मी त्यांना विचारलं.

"मामा, आज नळाला कुठलं पाणी आहे?"

"आज बेस्तरवार न्हाय का? कारपोरेशनचं पाणी बंद असतंय." ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले. "वरची टाकी आदल्या रात्रीच संपती. बेस्तरवारी टँकर येतोय. आमच्याच चुलतभावाचा हाय. पाणीबी आमच्याच विहिरीचं. बक्कळ हाय, पर जड हाय. हंडा ठेवला की आतनं पांढरा पडतोय."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात काय, एक दिवसाआड टँकर."

पुण्यात राहून गुरुवारी पाणी नसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. हॉस्टेलवर बुधवारी रात्री आम्हीही बादल्या भरून ठेवायचो. पण संस्थेच्या नळाला रोज पाणी असायचं, म्हणून ते रोज तेच असेल असं मी धरून चालले होते. सरही तसंच धरून चालले होते. त्यांच्या दृष्टीने पुण्यातल्या नळातून जे येतं ते खडकवासल्याचं, आणि खडकवासल्याचं म्हणजे डिस्टिल्ड. या शहरात जन्मलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती.

जड पाण्यात काय असतं हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. चुना. आणि न पिकलेल्या कोळशाला एक खोड असते, त्याच्या अंगावर आंबट जागा असतात आणि पाण्यातला चुना त्या जागांना जाऊन घट्ट चिकटतो. हे पुस्तकात आहे. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मग असा चुना बसलेला कोळसा पोटॅश घालून तापवला की माती आधी चुन्याला धरते आणि पोटॅश मोकळं राहून काम करत राहतं. म्हणजे घाई करत होतं ते मिश्रण खरंच होतं, पण पोटॅश आणि चुन्याचं. लोह नुसतं मिरवत होतं. गुरुवारी आम्ही कोळसा धुतच नव्हतो. सात वेळा चुना लावत होतो. कुणी कुणाला लावला, ते ज्याने त्याने ठरवावं.

मी फाटकावरच्या वॉचमनकडे गेले आणि टँकर आल्याच्या नोंदी मागितल्या. त्याने वही दिली. माझी प्रयोगवही शेजारी ठेवून तारखा लावल्या. जिथे टँकर तिथे निकाल चांगला. एकच तारीख जुळली नाही, ती का ते मला आजही माहीत नाही. पण बाकी सगळ्या जुळल्या. मी फाटकाजवळच्या पायरीवर बसले आणि रडले. माझा हात चांगला होता. चार वर्षं चांगलाच होता.

त्यानंतरचे काही दिवस मी कुणाला सांगितलं नाही, आणि त्याचं कारण फारसं चांगलं नाही. मला मजा येत होती. सर माझ्यासमोर कुणाशी तरी फोनवर लोहाबद्दल बोलत असायचे आणि मी आतल्या आत हसायची. निवृत्तीच्या समारंभाची तयारी चालली होती, शाल कुठून आणायची यावर चर्चा होती. मी म्हणायची, आणा शाल. मग एका सकाळी बसमध्ये लक्षात आलं की माझ्या प्रबंधाच्या शीर्षकातही लोह आहे. त्यांचा निबंध खोटा ठरला की माझा प्रबंध खोटा ठरतो. माझ्याच मेहनतीवर पाणी फिरणार होतं आणि मी बसून हसत होते.

मग मी शहाण्यासारखं वागले. बाजारातून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन रिक्षात घालून आणले. एक कोळसा त्या पाण्याने धुतला, एक बुधवारच्या नळाच्या पाण्याने, एक गुरुवारच्या. चौथा डिस्टिल्ड पाण्यात चुन्याचा क्षार चिमूटभर घालून. पहिले दोन रेंगाळले. पुढचे दोन भराभर संपले. मग लोह पूर्ण वगळून पुन्हा केलं, तरी तेच. मी सगळे आलेख घेऊन सरांकडे गेले.

त्यांनी ते नीट बघितले, हे मान्य करायला हवं. शेवटच्या आलेखावर बराच वेळ थांबले. मग कागद सरळ करून माझ्याकडे परत सरकवले.

"हात चालत नाही, म्हणून आता पाण्यावर खापर?"

"सर, टँकरच्या तारखा जुळतात."

"पुण्याच्या पाण्याबद्दल तुम्ही मला सांगणार?" ते म्हणाले. "तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त अख्खी वणी होती. मी कागद उचलले. त्या दिवसापर्यंत मला त्यांचा राग यायचा, भीती वाटायची, क्वचित कौतुकही वाटायचं. त्यानंतर फक्त रागच उरला, आणि तो राग मला फार कामाला आला.

प्रबंध सादर करायच्या आधी समितीसमोर बोलावं लागतं. तीन प्राध्यापक, अध्यक्ष बाहेरच्या, एक वयस्कर बाई. सर कडेला बसले होते. मी सगळं जसं घडलं तसं मांडलं. साबण, टँकर, चुना. लोहाची काहीही मदत होत नाही, हेही सांगितलं. छापलेला निबंध चुकीचा आहे, हे वाक्यही म्हटलं.

अध्यक्षबाईंनी सरांकडे बघितलं. "आपलं काय म्हणणं आहे?"

"विद्यार्थिनीने माझ्या सूचनेविरुद्ध नळाचं पाणी वापरलं," सर म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा, हवापाण्याबद्दल बोलल्यासारखा. "आमच्याकडे डिस्टिल्डचाच नियम आहे. निबंधातही तसंच आहे. असा निष्काळजीपणा झाला असेल तर प्रबंधाबद्दल मला पुनर्विचार करावा लागेल."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. मग पिशवीतल्या वह्यांची आठवण झाली. मी त्या पाचही काढून टेबलावर ठेवल्या आणि पहिली उघडून अध्यक्षबाईंपुढे केली.

त्यांनी एक पान बघितलं. मग दुसरं. मग मधूनच एक. प्रत्येक पानावर माझ्या निळ्या शाईत 'टॅप', त्यावर लाल रेघ, वर लाल 'डिस्टिल्ड', खाली लाल सही. पानामागून पान. त्यांनी तिसरी वही उघडली आणि शेजारच्या प्राध्यापकांकडे सरकवली.

"ही सही आपली?" बाईंनी विचारलं.

"मी भाषा तपासतो," सर म्हणाले. "पाणी नाही."

"भाषा उत्तम आहे," बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. मला सहा महिने वाढवून मिळाले, शीर्षकातून लोह गेलं आणि चुना आला. निबंध मागे घ्यायचं पत्र सरांना स्वतःच्या सहीने पाठवावं लागलं. त्या पत्राचं इंग्रजी फार सुंदर होतं असं ऐकलं. निवृत्तीचा समारंभ झाला, शाल मिळाली, मी गेले नाही. नंतर ते आठवड्यातून दोनदा फक्त माझा प्रबंध तपासायला येत, कारण मार्गदर्शक म्हणून कागदावर तेच होते. माझ्याशी बोलत नसत. प्रकरण टेबलावर ठेवायचं, दोन दिवसांनी लाल रंगाने भरलेलं उचलायचं. आणि ते नीट तपासत, हा त्यातला सगळ्यात मोठा छळ होता. चुन्याच्या प्रकरणात त्यांनी एका आकड्यातली चूक शोधली, जी मला सापडली नव्हती. मी त्यांचे आभार मानले नाहीत.

शेवटी राहिलं ते ऋणनिर्देशाचं पान. प्रबंध इंग्रजीत असला तरी हे पान कुठल्याही भाषेत लिहिता येतं. आणि त्यात मार्गदर्शकांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल ऋणी राहायची पद्धत आहे. संस्थेतल्या ग्रंथालयात कुठलाही प्रबंध काढा, सगळे ऋणीच आहेत. आधीच्या विद्यार्थ्याचं पान मला कुणीतरी दिलं, म्हणाले, नाव बदल आणि लाव. सर हे पान वाचल्याशिवाय प्रबंधासोबतच्या प्रमाणपत्रावर सही करणार नव्हते, आणि त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जात नव्हता. माझी पाच वर्षं त्या एका पानापाशी येऊन थांबली.

मी मराठीत लिहिलं. आईवडिलांचे आभार. मामांचे, त्यांच्या विहिरीचे. मग थांबले. अमूल्य मार्गदर्शन असं लिहायला लागले आणि हात चालेना, या वेळी खरंच चालेना. शेवटी मी लिहिलं: 'सरांनी मला पाच वर्षे पाण्यात पाहीले. त्यामुळेच मला पाणी पाहायची सवय लागली.' दुसऱ्यांदा वाचलं नाही, नाहीतर बदललं असतं. पान नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि समोर उभी राहिले. सही नाही केली तर नाही, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणते, पण प्रमाणपत्राचा कागद पानाखाली ठेवायला विसरले नव्हते.

त्यांनी पान हातात घेतलं. आईवडिलांचं वाचलं, मामांचं वाचलं. मग त्या ओळीपाशी आले आणि थांबले. मला दिसत होतं कुठे थांबले ते. त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं. मी मनात म्हटलं, झालं.

त्यांनी ओळ कापली नाही. 'पाहीले'मधली दीर्घ वेलांटी खोडली आणि ऱ्हस्व केली. मग प्रमाणपत्राचा कागद ओढून त्यावर सही केली आणि दोन्ही कागद माझ्यापुढे धरले. समितीनंतरच्या सहा महिन्यांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"एकच चूक आहे," ते म्हणाले. "बाकी बरोबर आहे."

मी कागद घेऊन जिना उतरले. खाली नळावर पाणी प्यायले आणि मगच मला कळलं की ते काय म्हणाले. पाच वर्षांत माझ्या लिहिण्यातलं काही बरोबर आहे असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते, आणि ते नेमकं या ओळीबद्दल.

आता मी पुण्यातच, खराडीत राहते, कोळशाशी संबंध नसलेली नोकरी करते. आमच्या सोसायटीत रोज टँकर येतो आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो खरवडताना मला सर आठवतात. वाटतं की एव्हाना राग गेला असेल. गेलेला नसतो. ती वेलांटी मात्र त्यानंतर माझ्या हातून एकदाही चुकली नाही.